घरकर्ज मागायला निघालो तेव्हा

आम्ही नवरा-बायको अहेरीत भाड्याने राहतो. घरमालक चांगले आहेत, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावे लागते. भाड्यात थोडी भर घालून हप्ता भरला तर आपले घर का होऊ नये, या विचाराने आम्ही घरकर्जाच्या मागे लागलो. त्या खटाटोपात जे समजले ते भावाबहिणींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

भाडे आम्ही कधी थकवले नाही. पण ते रोखीने दिलेले, पावती नाही. बँकेच्या लेखी ते नसल्यासारखेच. शिलाईच्या कमाईचेही तेच. म्हणून भाडे खात्यातून देऊ लागलो, शिलाईचे पैसे खात्यात भरू लागलो. बँक सिबिलचा अंकही पाहते. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साध्या फ्रिजचा हप्ता थकला तरी खाली येतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्केच मिळतात. बाकीची जमवाजमव आपली.

खरी अडचण जागेची होती. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. गावाबाहेर एक जागा निम्म्या भावात मिळत होती; सातबारा आदिवासी कुटुंबाच्या नावे. मध्यस्थ म्हणाला, "स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या." पण जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी पूर्वमंजुरीशिवाय विकत घेता येत नाही. आपण अनुसूचित जातीचे असलो तरी या कायद्यापुढे बिगर-आदिवासीच. अशा कागदावर बँक कर्ज देत नाही, आणि देऊही नये. आमच्या आजोबांच्या नावे वीतभर जमीन नव्हती. ज्याच्या नावे आहे, त्याची नड पाहून ती आपण काढून घ्यायची काय? आम्ही नाही म्हटले.

पुढे अकृषिक परवानगी असलेल्या जागेवरचे दोन खोल्यांचे घर मिळाले. वकिलाने मागची तीस वर्षे तपासली आणि कर्ज मंजूर झाले. खरेदीखत एकट्या बाईच्या नावे करायचे ठरले आहे. २०२१ पासून त्यावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

सांगणे एवढेच, की घर पसंत पडले तरी आधी सातबारा पाहा. विसार त्यानंतर द्या.