दोन बिळं

बॉल पायथॉन घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो. माझा पहिला महिनाभर चेंडूच होता.

मिनेसोटातला जानेवारी, बाहेर उणे वीस. चार फुटी काचपेटीच्या एका टोकाला खालून हीट मॅट लावली, दुसऱ्या टोकाला दगडासारखी दिसणारी ऐसपैस गुहा ठेवली. काचेवर चिकटवलेला थर्मामीटर २८ दाखवत होता, मी निर्धास्त. साप गुहेतून हलेना. एकदा उंदीर गिळला, तो तिसऱ्या दिवशी ओकला. त्या वासाविषयी लिहीत नाही. ओकल्यावर दोन आठवडे खायला काही द्यायचं नसतं, तेवढा वेळ मला विचाराला मिळाला.

ऊब एका टोकाला, आडोसा दुसऱ्या टोकाला, मध्ये उघडं मैदान. घाना-टोगो-बेनिनकडे हे साप उंदरांच्या बिळांत नि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतात. त्यांना उघडं मैदान म्हणजे शिकारी पक्ष्याला आमंत्रण. ऊब नसेल तर गिळलेलं पोटात कुजतं. तरी साप आडोसा सोडत नाही. मला वाटत होतं, याला थंडावा आवडतो!

मग प्लॅस्टिकचे दोन सारखे टोप आणले, पालथे घालून प्रत्येकाला दार कापलं, एक उबेकडे ठेवला, एक गारव्याकडे. कापलेली कड घासायची, नाहीतर साप सोलवटतो. बीळ अडचणीचंच हवं, वेटोळ्याला चहूबाजूंनी भिंत टेकली पाहिजे. थर्मोस्टॅटचा सेन्सर मी आत मोकळा सोडला होता. सापानं तो सरकवला की थर्मोस्टॅटला सगळं गारच वाटणार, मॅट तापतच राहणार आणि पोट भाजणार. आता तो बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये चिकटवलाय. काचेवरच्या थर्मामीटरला बिळातली जमीन कळत नाही. ती मी टेम्परेचर गननं मोजते. उबेकडे ३२, गारव्याकडे २६.

सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, एका जिवाला दोन घरं कशाला?"

"तू नाही का, उन्हाळ्यात माजघरात आणि थंडीत ओसरीवरच्या उन्हात चटई टाकायचीस?"

"माझी चटई मी उचलून न्यायचे," ती म्हणाली. "त्याला कोण नेणार?"

दुसऱ्या रात्री अकराला टॉर्च मारला. गारव्याकडचा टोप रिकामा होता.