सहावे तिकीट

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरला जायचे, असे आमच्या घरी गोकुळाष्टमीच्या दिवशी ठरले. ठरले म्हणजे आम्हां उभयतांच्या मनात आले, मुलांनी ते ऐकले, आणि मग मागे फिरण्याची सोय उरली नाही. शहराचे नाव काय लिहावे यावरूनच पहिला वाद झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव बेंगळुरू. आमच्या कचेरीत तेच छापले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मामंजींच्या तोंडी बंगळूर बसलेले. तेव्हा छापील मजकुरात बेंगळुरू आणि घरच्या वहीवर बंगळूर अशी मी तडजोड केली. येथे वहीतलेच नाव ठेवते.

वही मुद्दाम शंभर पानी घेतली होती. पहिल्या पानावर सात रकाने आखले आणि प्रत्येकाला आपापली इच्छा सांगण्यास फर्माविले. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. रविवारी निघायचे म्हणून मागे मोजत गेले, तर तो दिवस नेमका गणेशचतुर्थीचा निघाला. सकाळी आठ वाजता. हाती अवघे अकरा दिवस होते.

सात रकाने हे पहिल्या रात्रीच खोटे ठरले. उद्यान एक्स्प्रेस दुपारी पुण्याहून सुटते, सोलापूर, कलबुर्गी, गुंतकल करीत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोचते. जाण्यायेण्यात रविवार आणि शनिवार गेले. उरले पाच. त्यांतही सोमवारी तेथले सरकारी वस्तुसंग्रहालय आणि नेहरू तारांगण बंद, मंगळवारी बन्नेरघट्ट्याचे प्राणिउद्यान बंद. ही माहिती मला आमच्या मासिकाच्या कन्नड आवृत्तीतील एका सहकाऱ्यांनी दिली. ते स्वतः बंगळूरचे. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली: "सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर मोटारीने कोठेही निघू नका. नकाशावर जे दोन कोस दिसेल, ते रस्त्यावर दीड तास होईल. मेट्रोच्या हिरव्या मार्गाला धरून राहा."

हा सल्ला लाखमोलाचा निघाला. मी त्या मार्गाचा नकाशा वहीत उतरवून घेतला तेव्हा ध्यानात आले की जुने बंगळूर जवळजवळ सगळे त्या एका रेषेवर ओवलेले आहे. मॅजेस्टिक हे मधले स्थानक, रेल्वेस्थानकाला लागूनच. तेथून दक्षिणेला चिक्कपेटे, मग कृष्णराजेंद्र बाजार, मग बसवनगुडीसाठी नॅशनल कॉलेज, मग लालबाग. उत्तरेला एकच स्थानक गेले की मल्लेश्वरम. विधानसौध आणि कब्बन पार्क यांच्यासाठी मॅजेस्टिकलाच जांभळ्या मार्गाची गाडी धरायची. मुक्काम मॅजेस्टिकच्या आसपास केला की निम्मे काम झाले.

इच्छांचा मात्र असा एक मार्ग नव्हता. यजमानांना म्हैसूर हवे होते, तेही एका दिवसात जाऊन येऊन. जाताना दीडशे आणि येताना दीडशे किलोमीटर मुलांना मोटारीत कोंबून वाड्याच्या दारात नेऊन आणणे याला मी सहल म्हणत नाही. ते मी खोडले. नंदीदुर्गही खोडला, १४७८ मीटर उंचीवरचा सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे तीनला उठणारे आमच्या घरात कोणीही नाही. नववर्षांच्या चिरंजीवांना प्राणी आणि विमाने हवी होती. विमानांचे ऐकून मला बरे वाटले, कारण हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना बंगळुरात १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. त्याच कारखान्याच्या वारसदारांनी आता तेथे विमानांचे संग्रहालय उभारले आहे. चिरंजीवांना वालचंदांचे कौतुक वाटले नाही. राहुल द्रविड याच शहरात लहानाचा मोठा झाला आणि रजनीकांत, म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, याच शहरात बसचे कंडक्टर होते, हे सांगितले तेव्हा कोठे त्यांनी मान डोलावली.

सासूबाईंचे मागणे थोडक्यात होते: बसवनगुडीचा नंदी, चिक्कपेटेतले एक रेशमी लुगडे, आणि लोक ज्याच्यासाठी रांगेत उभे राहतात तो डोसा. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते. ती आमच्या सुट्टीत येत नाही याची त्यांना फार हळहळ वाटली.

कन्येने जे मागितले त्याने मी चकित झाले. ती आठवीत आहे. तिने भारतीय विज्ञान संस्थेचे नाव लिहिले आणि पुढे कंसात 'कमला सोहोनी'. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या संस्थेत गेली, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला होता. तिने दाद मागितली, हटून बसली. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. कन्येला हे शाळेतल्या बाईंनी सांगितले होते. ही संस्था काही सहलीची जागा नव्हे, वर्षातून एक दिवस ती लोकांना खुली असते आणि तो दिवस दिवाळीत नसतो, असे मी तिला समजावले. ती म्हणाली, "आत नाही जायचं. फाटक बघायचं आहे." फाटक वहीत गेले.

मामंजींचा रकाना कोरा राहिला. ते चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकवीत. विचारले तेव्हा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. तुळशीला पाणी कोण घालील? मी घर सांभाळतो." सासूबाईंनी भुवया उंचावल्या, यजमानांनी वर्तमानपत्र उलगडले. मी वहीत पाच तिकिटे लिहिली.

तुळस हे निमित्त होते, हे मला ठाऊक होते. मागल्या वर्षी आम्ही वेरूळला गेलो होतो. कैलास लेणे पाहून झाल्यावर मामंजींचा गुडघा धरला आणि पुढे चालवेना. सगळेच परतलो, जैन लेणी राहिली. त्या रात्री उतारशाळेच्या खोलीत मी यजमानांना म्हटले होते, "नानांना आणलं नसतं तर सगळं नीट पाहून झालं असतं." दार पुरते लागलेले नव्हते. सकाळी मामंजी नेहमीसारखेच वागले, म्हणून मी स्वतःची समजूत घालून घेतली की त्यांनी ऐकले नसावे. वर्षभर ही समजूत पुरली.

पुढचे चार दिवस मी बंगळूरविषयी वाचीत होते. शहर केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविले, लालबागेचा आरंभ हैदर अलीने १७६० मध्ये केला, तिथले काचघर १८८९ चे आणि त्याच बागेतला खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, असे सगळे वहीत उतरत होते. आणि मग शहाजीराजे आले. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी विजापूरसाठी बंगळूर घेतले आणि तो मुलूख राजांना जहागीर मिळाला. १६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बालशिवाजी तेथे जाऊन राहिले. जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' हा काव्यग्रंथ शहाजीराजांच्या तिथल्याच दरबाराचे वर्णन करतो. राजवाड्यांनी तो उजेडात आणला. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस तीन लाख रुपयांच्या व्यवहाराने बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. सुमारे पन्नास वर्षे ते भोसल्यांचे होते. चौतीस वर्षे ज्या माणसाने फळ्यावर खडूने हा नकाशा काढून दक्षिणेकडे एक ठिपका दिला, त्याचा रकाना मी कोरा ठेवला होता.

शहाजीराजांच्या वाड्याचा शोध केला. आज दाखविता येईल असा वाडा नाही. किल्ल्याचाही दिल्ली दरवाजा आणि थोडी तटबंदी एवढेच उरले आहे आणि ते दगडी बांधकामही हैदरच्या वेळचे. उरले आहे ते मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वराचे देऊळ. ते एकोजीराजांनी, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र भावाने, बांधले असे सांगतात. १६६९ च्या दानलेखात त्या ठिकाणाचे मल्लपुर हे नाव आहे. सभोवतालची वसाहत मात्र पुष्कळ अलीकडची. आपल्याकडे पुण्यात प्लेग झाला त्याच्या पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, तो बंगळुरातही शिरला. तेव्हा दाट पेठेतील लोकांसाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी येथे रुंद रस्त्यांच्या नव्या वस्त्या झाल्या.

इतके हाती आल्यावर मामंजींशी बोलावे असे रोज वाटे आणि रोज मी दुसरे काही काम काढी.

दरम्यान कन्नड आवृत्तीच्या त्या सहकाऱ्यांनी चिरंजीवांसाठी बालवर्गाची कन्नड अंकलिपी दिली होती. ती दोन दिवसांत नाहीशी झाली. मी मुलाला रागावले, त्याने शपथ घेतली. हरितालिकेच्या आदल्या रात्री देवघरातील आरतीचे पुस्तक काढायला गेले, तर त्याखाली अंकलिपी होती आणि तिच्यासोबत दोऱ्याने बांधलेली पाच लहान पुडकी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांचे पत्ते केले होते. प्रत्येक पत्त्यावर वर देवनागरीत आणि खाली वळणदार कन्नड अक्षरांत एकेक नाव: मॅजेस्टिक, चिक्कपेटे, लालबाग, मल्लेश्वरम. एकावर 'एष्टु?' आणि शेजारी 'केवढ्याला?' प्रत्येक पुडक्यावर घरातल्या एकेकाचे नाव. मी पुन्हा मोजली. पाचच होती. मल्लेश्वरमच्या पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एकोजीराजे, १६६९' असे होते. म्हणजे ते देऊळ त्यांना माझ्या आधीच ठाऊक होते.

मामंजी ओटीवर आरामखुर्चीत होते. मी अंकलिपी हातात घेऊनच गेले. "मामंजी," मी म्हटले, "वेरूळला त्या रात्री मी जे बोलले..."

"खरंच बोललीस," ते म्हणाले. "गुडघा माझा दुखतो तो काही तुझ्या बोलण्यानं नव्हे."

मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या हातातून अंकलिपी घेतली, चाळली, आणि शिक्षकी स्वरात म्हणाले, "त्यांचा 'क' आणि आपला 'क' एकाच घरचे आहेत, हं. थोडं निरखून पाहिलं की दिसतं."

"तुम्ही आल्याशिवाय मी तिकिटं काढणार नाही," मी म्हटले. हे मी जरा मोठ्यानेच म्हटले असावे, कारण सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुळशीला शेजारची मुलगी पाणी घालील. मी कालच विचारून ठेवलंय."

त्यानंतर मामंजींनी अटी घातल्या. दुपारी बारा ते चार खोलीवर विश्रांती. जेथे चढ असेल तेथे ते खाली बाकावर बसतील आणि कोणीही त्यांच्यासाठी थांबणार नाही, लवकर परतणार नाही. बाकावर बसलेल्या माणसाकडे दर पाच मिनिटांनी पाहून हसायचे नाही. ही शेवटची अट यजमानांसाठी होती.

वही नव्याने लिहावी लागली आणि, कबूल केले पाहिजे, ती पहिल्यापेक्षा पुष्कळ शहाणी झाली. दिवसाचे दोन भाग पडले. एका भागात एकच जागा. सोमवारी सकाळी पोचून आराम, संध्याकाळी मल्लेश्वरमचे देऊळ. सोमवार हा शंकराचाच वार. मंगळवारी सकाळी लालबाग: मुलांनी खडकावर चढावे, मामंजींनी सावलीत बसावे. संध्याकाळी नंदी आणि डोसा. बुधवारी तारांगण आणि कब्बन पार्क, तेथले १९१५ चे तांबडे वाचनालय मी माझ्यासाठी ठेवले आहे. विधानसौध बाहेरूनच पाहावयाचे. १९५६ मध्ये पुरी झालेली ती दगडी इमारत उभारणाऱ्या केंगल हनुमंतय्यांनी दारावर 'सरकारचे काम देवाचे काम' अशा अर्थाची कन्नड अक्षरे कोरवून घेतली. आम्हां सरकारी नोकरांनी तेथे फार वेळ न रेंगाळलेले बरे. गुरुवारी बन्नेरघट्टा, त्या दिवशी सासूबाई आणि मामंजी सुट्टीवर. शुक्रवारी सकाळी विमाने आणि ते फाटक, दुपारनंतर चिक्कपेटे आणि टिपूचा १७९१ मधला सागवानी महाल, रात्री गाडी. शुक्रवार फार भरला आहे हे मला दिसते. लुगडे आणि महाल यांत काय राहील, हे सांगायला नकोच.

चतुर्थीच्या सकाळी आठाला पाच मिनिटे कमी असताना घरात मूर्ती पाटावर बसली होती, मोदकांचे उकडीचे भांडे चुलीवर होते, आणि मी पदर खोचून संगणकापुढे. मामंजी सोवळे नेसून दूर्वा निवडीत होते. आठ वाजले. नावे, वये, एकामागून एक घातली. ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बाकाच्या चौकटीत खूण केली. पडद्यावर चक्र फिरत राहिले, ते थांबेना. आतून सासूबाई "वाफ जातेय" म्हणून ओरडल्या. मग आकडे आले.

"किती?" मामंजींनी दूर्वांवरची नजर न काढता विचारले.

"सहा," मी म्हटले.

"खालचा बाक?"

"दोन्ही खालचे."

"मग ती पुडकी आण," ते म्हणाले. "आणखी एक बांधायचं आहे. पण आधी पूजा."