झाडाचे नाव

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. या बालकाचे नाव तुम्ही काय ठेवले आहे? गेली पंचवीस वर्षे मी हा प्रश्न विचारीत आलो आहे. सवयीने विचारलेल्या प्रश्नाचे वजन माणसाला जाणवेनासे होते. माझेही तसेच झाले होते. ते वजन मला पुन्हा जाणवले ते चर्चमध्ये नव्हे, तर एका ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवर.

त्या वेळी मी डोंगरपट्टीतील एका धर्मग्रामात होतो. चर्चला लागूनच आदिवासी मुलांचे वसतिगृह होते. ऑक्टोबरातला रविवार होता. दुपारी जेवणानंतर मुले कुंपणापाशी खेळत होती. चारच्या सुमारास एक मुलगा पोट धरून आला आणि ओकू लागला. पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. अर्ध्या तासात अकरा मुले आडवी झाली. कुंपणावरच्या झाडाच्या बिया त्यांनी फोडून खाल्ल्या होत्या. "फादर, शेंगदाण्यासारख्या गोड लागतात," एकाने रडत रडत सांगितले.

मिळेल त्या जीपमध्ये मुलांना घालून आम्ही रुग्णालयात पोहोचलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, "कशाच्या बिया?" मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "एरंडाच्या." त्यांचा चेहरा उतरला. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचे जहाल विष असते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की त्यांनी घाईघाईने दूरध्वनी उचलला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुले हलवण्याची भाषा सुरू केली.

तेवढ्यात वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी मागून आलेल्या टेंपोतून उतरल्या. त्यांनी त्या झाडाची एक फांदी मोडून आणली होती, पाने आणि फळांसकट. डॉक्टरांच्या टेबलावर ती ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, हा एरंड नाही. हा मोगली एरंड. चंद्रज्योत म्हणतात ती हीच. एरंडाच्या फळाला काटे असतात, याचे फळ बघा, गुळगुळीत आहे. एरंडाची बी चट्ट्यापट्ट्यांची, याची काळी."

डॉक्टरांनी फळ हातात घेऊन निरखले आणि मान डोलावली. चंद्रज्योतीचे बीही विषारीच. उलट्या-जुलाबांनी मूल गळून जाते. पण वेळेवर सलाइन मिळाले तर ते बहुधा सावरते. डॉक्टरांनी सगळ्यांना तिथेच ठेवून घेतले. ती रात्र मी ओसरीवर जपमाळ ओढीत काढली. तिसऱ्या दिवशी अकराही मुले घरी आली.

मुले वाचली याबद्दल मी प्रभूचे आभार मानले. पण माझ्या अज्ञानाची टोचणी गेली नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनही थोडेफार शिकलो. ज्या कुंपणावरून मी रोज मिस्सेला जात होतो, त्याचे नाव मात्र मला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते हे क्षम्य म्हणता येईल. ठाऊक नसताना मी ते छातीठोकपणे सांगितले, हे क्षम्य नव्हते.

त्यानंतर मी एक वही केली. परिसरातल्या झाडाझुडपांची नावे तिच्यात लिहू लागलो. हळूहळू कळत गेले की लोकांनी दिलेले नाव कधी दिवा होते, तर कधी चकवा. पावसाळ्यात उगवणारा आपला टाकळा विदर्भात तरोटा होतो. झाड एकच, नावे दोन. उलट 'एरंड' या एका शब्दाखाली दोन निराळी झाडे उभी राहतात. हा गुंता सोडवायला वनस्पतिशास्त्राचे नाव उपयोगी पडते. एरंड म्हणजे रिसिनस कम्युनिस आणि चंद्रज्योत म्हणजे जट्रोफा कर्कस. कूळ एक, झाडे वेगळी. याच जट्रोफाची जैवइंधनासाठी लागवड करावी, अशी शिफारस २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने केली होती. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ते पूर्वीपासूनच लावले जाई.

मात्र शास्त्रीय नावापर्यंत पोहोचण्याची वाट लोकांच्या जिभेवरूनच जाते. 'हॉर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. तो सिद्ध करविला डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांनी. पण झाडे ओळखून दिली इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांनी. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य त्यांच्या जोडीला होते. मॅथ्यू नावाच्या एका कार्मेलाइट धर्मगुरूंचाही या कामाला हातभार लागला. त्या तिघा भटांचे कोंकणी प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. पुढे लिनियसने आपल्या कामात याच ग्रंथाचा आधार घेतला. आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव हे येशूसंघीय धर्मगुरू याच वाटेचे थोर वाटसरू. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकही झाले.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने गुराढोरांना, आकाशातल्या पाखरांना आणि वनपशूंना नावे दिल्याचे आपण वाचतो. झाडांना नावे कुणी दिली, हे तिथे सांगितलेले नाही. मला वाटते, ते काम रानात भाजी खुडणाऱ्या बायकांवर, गुराख्यांवर आणि सुईणींवर सोपवले गेले. शेवळाचे कोंब काकडाच्या फळांबरोबर शिजवले नाहीत तर घसा खवखवतो, हे कुण्या एकीने आधी स्वतःच्या घशावर सोसूनच शिकलेले असणार. अशा ज्ञानाची नोंद कुठे होत नाही. ती म्हातारी गेली की तिच्याबरोबर तेही मातीत जाते.

म्हणून वाचकहो, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मुलाने काही खाल्ले तर नावावर विसंबू नका. त्या झाडाची फांदी, फळ, पान जे हाती लागेल ते बरोबर घेऊन दवाखान्यात जा. आणि घरात आजी असेल तर वेळ असतानाच तिच्यापाशी बसा.

माझ्या वहीत तीन रकाने होते. झाडाचे नाव, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव. पहिली नोंद अर्थातच चंद्रज्योतीची. पहिले दोन रकाने भरले आणि तिसऱ्यापाशी लेखणी थांबली. सहा वर्षे त्या बाईंच्या हातचे मी जेवत होतो आणि त्यांना 'मावशी' यापलीकडे काही म्हणालो नव्हतो.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. त्या भाकरी थापत होत्या. "मावशी, तुमचे नाव काय?" मी विचारले. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि अंमळ लाजून आपले नाव सांगितले, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. मी ते जसेच्या तसे वहीत लिहिले.