चादरींच्या गावचा विमा एजंट

सोलापूरला जाऊन आलेला माणूस घरी काय आणतो, हे सांगायला ज्योतिषी नको. एक चादर, दोन टॉवेल, शेंगांच्या चटणीची पुडी आणि तिथल्या उन्हाविषयीची तक्रार! मी मात्र यंदा तिथून एक माणूस मनात घेऊन आलो आहे. हे गृहस्थ विमा एजंट आहेत. ज्याचा उपयोग गिऱ्हाइकाला बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही, असा माल ते विकतात. आणि तरीही ते दारात दिसले की लोक चहाचे आधण ठेवतात. सारा मोहल्ला त्यांना अण्णा म्हणतो. आपणही तसेच म्हणू.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी सोलापूरला पोचवते. गाडीला ज्यांचे नाव आहे त्या सिद्धरामेश्वरांचे देऊळ तळ्याच्या मधोमध आहे. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याने लोकांच्या श्रमांतून हे तळे खोदवले, असे परंपरा सांगते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा सात नंदीध्वज मिरवत निघतात. त्या उंच, जड काठ्या माणसे आळीपाळीने पेलतात. तळ्याच्या काठावर उभे राहून अण्णा म्हणाले, “विमा म्हणजे तरी दुसरं काय हो? एकट्याला न पेलणारं ओझं चौघांनी वाटून घ्यायचं.”

हे ओझे सोलापूरला चांगले ठाऊक आहे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी, म्हणजे लोकांची ‘जुनी मिल’, सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. भोंग्यावर गाव उठे आणि भोंग्यावर निजे. आज त्या गिरण्या बंद आहेत. गावाच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट मात्र चालू असते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. घरातला पुरुष मागावर, तर कित्येक घरांतल्या बाया ओट्यावर विड्या वळायला. एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कानडी, तिसरीत उर्दू, आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी! अण्णा चारही बोलतात. “फॉर्म कुठल्याही भाषेत भरा, पण मरणाची गोष्ट ज्याला त्याला त्याच्या आईच्या भाषेत सांगावी लागते,” हे त्यांचे धंद्यातले पहिले सूत्र.

विम्यावरचा विश्वास आपल्याकडे सहज आलेला नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे विम्याच्या कंपन्या उदंड होत्या, आणि त्यांतल्या काही लोकांच्या ठेवींसकट बुडाल्या. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. पुढे २००० साली खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. पण दिल्लीने दिलेली हमी पूर्व भागातल्या ओट्यापर्यंत पोचवायची, तर ती कोणा माणसाच्या पायांनीच पोचते.

अण्णांनी गिरण्यांचा शेवटचा काळ पाहिला आहे. कामगारांचे हप्ते पगारातून परस्पर कापले जात. गिरणी थांबली, पगार थांबला आणि हप्तेही थांबले. घरात मात्र कोणाच्या ध्यानात नाही! कागद ट्रंकेत सुखरूप होता, आत विम्याचा जीव नव्हता. तेव्हापासून अण्णांच्या डायरीत प्रत्येक घराच्या हप्त्याची तारीख असते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत, महिनेवारीला पंधराच. ती संपण्याआधी त्यांची स्कूटर त्या गल्लीत हजर! एजंटाला पहिल्या वर्षी कमिशन मोठे, नंतर थोडके. म्हणून कितीकजण पहिल्या वर्षानंतर दिसत नाहीत. अण्णा विसाव्या वर्षीही दिसतात.

दुपारी आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. चार मागांवर कर्ज होते. बायको कांड्या भरीत होती. धाकट्या भावाने आधी खडा टाकून पाहिला, “पहिल्या हप्त्यात काय सोडणार, अण्णा?”

“एक पैसाही नाही. कायद्याने मनाई आहे. आज तुमच्यासाठी कायदा मोडणारा माणूस उद्या तुमच्या माघारी सरळ वागेल, असं वाटतं तुम्हाला?”

भाऊ हसला आणि गप्प झाला. मग विणकराने खरी भीती बोलून दाखवली. “मी गेलो तर सावकार हे पैसे पण नेणार. मग भरायचं कशाला?”

अण्णांनी चष्मा पुसला आणि तेलुगू-मराठीत सांगू लागले. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्यातले विम्याचे कलम हिंदू-मुसलमानांनाही लागू आहे. नवऱ्याने विमा उतरवतानाच या कायद्याखाली बायकोमुलांची नावे लिहिली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेली ठेव होते. नवऱ्याचे देणेकरी तिला हात लावू शकत नाहीत. देणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनेच हप्ते भरले असतील, तर गोष्ट वेगळी.

“पण मालक, एक नीट ऐका,” अण्णा म्हणाले. “मग ही पॉलिसी तुमची राहत नाही. नड आली म्हणून तुम्हाला ती मनाला येईल तशी मोडता येणार नाही.”

“मलाही नाही?”

“तुम्हालाही नाही.”

माग थांबलेला होता. कांड्यांचे चाकही थांबले. नड कुठल्या विणकराला येत नाही? सुताचा भाव चढला की पहिली नजर जाते ती घरातल्या डागिन्यावर आणि कागदावर. अण्णा मुद्दाम काही बोलले नाहीत. कमिशनच्या लोभाने दुसरा कोणी ही अट पोटातच ठेवती!

शेवटी विणकराने बायकोकडे पाहिले. तिने मान हलवली नाही. नुसती नजर वर ठेवली. त्याने शाळेतून आलेल्या थोरल्या मुलीला हाक मारून सारा फॉर्म मोठ्याने वाचायला लावला. मुलगी वाचत गेली. आईचे नाव आले तेव्हा थोडी थांबली, मग स्वतःचे, मग भावाचे वाचले. त्याने सही केली.

“अक्का, कागद कुठे ठेवणार ते मला नको, मुलीला दाखवून ठेवा,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी डायरी उघडली आणि पुढल्या हप्त्याची तारीख लिहिली.