घट बसले की कुलूप नाही

घट बसले की घराला कुलूप लागायचं नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत घरात कुणी ना कुणी हवंच, कारण देवापुढे अखंड दिवा. गिरगावातल्या आमच्या चाळीत त्या दिवसांत निम्मं घर सिनेमाला जाई आणि उरलेल्या निम्म्याला गोष्ट ऐकूनच सिनेमा कळे.

तयारी पितृपक्षातच सुरू व्हायची. आजी कापसातली सरकी काढून पोटरीवर हातभर लांब वाती वळायची. समई चिंचेनं घासून लख्ख व्हायची. वारा लागू नये म्हणून गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला आडोसा कपाटामागून निघायचा. तो काळा पडला, वाकला, दर वर्षी ठोकून सरळ केला. टाकला मात्र नाही. एरवी रेशनचं रॉकेल मापानं पुरवणारं, सांडलेलं तेल बोटानं निपटून घेणारं ते घर; पण समईचं तेल कुणी मोजलं नाही.

रात्री पाळ्या असत. काजळी धरली की आधी त्याच ज्योतीवर निरांजन लावून बाजूला ठेवायचं, मग वात सारायची. समई शांत झालीच तर निरांजनावरून पुन्हा लावायची. ‘विझला’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

“तेल नवं, वात नवी, मग दिवा तोच कसा गं?” आम्ही विचारायचो.

“कशावरून लावलाय ते बघ,” आजी म्हणायची.

समोरच्या इमारतीतल्या पारशी मावशींना हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा पवित्र अग्नी, इराणशाह, १७४२पासून उदवाड्यात आहे. त्याआधी संजाण, बहारोटच्या गुहा, वांसदा, नवसारी अशी ठिकाणं बदलत आला, तरी अग्नी तोच. आजही दिवसाच्या पाचही गाहांना, म्हणजे प्रहरांना, त्याला सुखड, म्हणजे चंदन, वाहतात. आमच्या घटांसाठी मावशी दर वर्षी न चुकता बाटलीभर तेल आणून द्यायच्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून ज्योतीकडे बघत राहायच्या.

दसऱ्याला घट हलले की तेल घालणं थांबे. ज्योत आपसूक बारीक होत जाई. त्या रात्री जाग आली की कोनाडा काळा दिसे आणि पुन्हा डोळा लागायला वेळ लागे. सकाळी आई कुलूप काढायची, आणि किल्ली कुठे ठेवली ते घरात कुणालाच आठवत नसे.