अक्षर आणि अक्षराचे चित्र

छायाचित्रावर कवितेच्या ओळी मांडण्याचे काम दर फेब्रुवारीत माझ्याकडे येते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. महाविद्यालयातर्फे सर्वांना धाडायची ती शुभेच्छापत्रे असतात.

फोटोशॉपमध्ये मजकूर चित्रावर स्वतंत्र लेयरमध्ये राहतो. तोवर तो भाषा असतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येते, शब्द बदलता येतो. युनिकोडमध्ये ‘कविता’तील वेलांटी ‘व’नंतर नोंदली जाते, दिसते मात्र त्याच्या आधी. सॉफ्टवेअरला लिपीची ही रीत उमगली नाही, तर वेलांटी भलतीकडे पडते, जोडाक्षरे फुटतात.

परंतु खरा पेच पुढचा आहे. जेपीईजी स्वरूपात जतन करताना सारे लेयर एकजीव होतात आणि अक्षरांचे केवळ रंगीत ठिपके उरतात. अशा ओळीतला शब्द सुधारता येत नाही. चुकीचे कविनाम चिकटलेल्या ओळी तशाच फिरत राहतात, त्याचे हेही एक कारण. पाठचिकित्सेत आपण पाठभेदांची चर्चा करतो. येथे पाठच हरवलेला असतो.

वर्गातील एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने एकदा विचारले, “सर, यात काय लिहिले आहे?” तिच्या स्क्रीन रीडरने ‘प्रतिमा’ एवढेच उच्चारले होते. तेव्हापासून चित्रासोबत तीच ओळ साध्या मजकुरात, कवी व संग्रहाच्या नावासह जाते. पुढल्या वर्षी त्या ओळीतील एका शब्दाच्या अर्थावरून तिने वर्गात माझ्याशी वाद घातला.