पिलर नंबरवालं घर

"बेळगावला विमान घेऊन येतीस आणि घरी येत नाहीस? ही कसली गं नोकरी?" आईचा हा प्रश्न गेली दोन वर्षं ऐकते आहे.

मी एटीआर ७२ विमानावर फर्स्ट ऑफिसर आहे. दोन पंख्यांचं, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं, मागच्या दारानं चढायचं ते विमान. तुमच्यापैकी जे बेळगाव-हैदराबाद प्रवास करतात त्यांनी त्याचा घर्रर्र आवाज नक्की ऐकला असेल. माझा बेस हैदराबाद. महिन्यातून चार-पाचदा ड्युटीत बेळगाव येतं. पश्चिमेकडून उतरायचं असलं तर माझ्या उजव्या खिडकीतून येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो, मग रेल्वेची रेघ, आणि त्या रेघेपाशी आमची टिळकवाडी. पण बघायला वेळ कुठला? दहा हजार फुटांच्या खाली आलं की कॉकपिटमध्ये कामापलीकडचा शब्द काढायचा नाही असा नियमच आहे. सांबऱ्याला उतरल्यावर विमानाभोवती फेरी मारून चाकं, पंखे तपासते, तेवढेच माझे पाय गावच्या जमिनीला लागतात. अर्ध्या तासात परत वर.

नोकरी लागली तेव्हा राहण्याचा प्रश्न घरच्यांच्या लेखी सुटलेलाच होता. काचीगुड्याला माझी सख्खी आत्या राहते. लग्न होऊन गेली त्याला चाळीस वर्षं झाली. काचीगुडा, नारायणगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हापासून नोकरी-शिक्षणासाठी आलेली माणसं ही. आत्याच्या गल्लीत अजूनही ज्वारीची भाकरी आणि डबल का मीठा एकाच ताटात मिळतं. तिची मराठीही तिथलीच झालीय. "हौ गं, इकडं घर असताना किरायानं कशाला राहायलीस?" यावर उत्तर देणं सोपं नव्हतं.

मी दोन महिने राहिलेसुद्धा. अडचण आत्याची नव्हती, घड्याळाची होती. पहाटे सहाचं उड्डाण म्हणजे पाचला हजेरी, त्याआधी गाडी. विमानतळ २००८ साली बेगमपेठहून शमशाबादला गेला, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेला. कंपनीची गाडी वाटेत इतरांना घेत जाते आणि लांबचा माणूस आधी उचलते. सव्वातीनला गाडी दारात हवी तर मला संध्याकाळी सातला झोपायला हवं. सात वाजता आमच्या आत्याकडे चहाची दुसरी फेरी सुरू होते. शिवाय मागच्या गल्लीत शादीखाना. मरफा वाजायला लागला की भांडी थरथरतात. फुप्फाजी बिचारे टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. त्यांचे ते हाल मला बघवेनात.

(औषधांचं वेगळंच. ड्युटीआधी आम्हाला फुंकर मारून मद्य तपासणी द्यावी लागते. मला खोकला झाला तेव्हा आत्यानं द्राक्षासव पुढे केलं. आसवात मद्यार्क असतो हे तिला पटवायला अर्धा तास लागला.)

मग शमशाबादला दोन सहकाऱ्यांबरोबर फ्लॅट घेतला. विमानतळ जवळ, झोप भरपूर. पण तिघांच्या ड्युट्या वेगळ्या, त्यामुळे आठ-आठ दिवस एकमेकांची फक्त बुटं दिसायची. सुट्टीच्या दिवशी करायचं काय? म्हणून तिसरा मार्ग काढला: खोली नावापुरती ठेवायची आणि सुट्टी लागली की बेळगाव गाठायचं. कर्मचाऱ्यांचं तिकीट स्वस्त असतं, पण सीट रिकामी राहिली तरच. उन्हाळ्यात हे छान चाललं.

जुलैत फसले. दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी, म्हणून आदल्या संध्याकाळच्या विमानानं परतायचं ठरवलं होतं. सांबऱ्यावर ढग इतके खाली उतरले की हैदराबादहून आलेलं विमान दोन घिरट्या घालून परत फिरलं. कॉकपिटमध्ये मी असते तरी तेच केलं असतं, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर? बाबांनी स्कूटरवरून बसस्टँडला सोडलं. रात्रभर पाऊस, खड्डे, डोळ्याला डोळा नाही. सकाळी उतरले तेव्हा हजेरीला पाच तास होते. गणवेश घालून वेळेवर हजर राहता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. खोलीवर बसून फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी रोस्टर विभागाला सांगितलं की मी उड्डाणाला योग्य नाही. माझ्या जागी राखीव वैमानिक गेला. तो त्या दिवशी मुलीला घेऊन बाहेर जाणार होता, हे नंतर कळलं. त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. ते जास्त लागलं.

आठवड्याची विश्रांती आमच्यासाठी पूर्वी ३६ तास होती, २०२५ च्या जुलैपासून ती ४८ तास झाली. पण हे तास बसमध्ये घालवायला दिलेले नाहीत, हे मला त्या सकाळी कळलं.

बाबांचं म्हणणं, भाडं भरण्यापेक्षा फ्लॅट घे, हप्ता भर. एक हप्ता मी भरतेच आहे, प्रशिक्षणाच्या कर्जाचा. आणि पुढे मोठ्या जेट विमानावर गेले तर बेस दिल्ली होईल की कोलकाता, कुणी सांगावं? माझ्यासारख्या नवख्यांनी घर घेऊ नये, भाड्यानंच राहावं, हे माझं ठाम मत आहे. बाबांना ते अजून मान्य नाही.

आता मी अत्तापूरला आहे. आत्याकडून रिक्षानं जाण्याइतकं जवळ, आणि पहाटे विमानतळ पंचवीस-तीस मिनिटांवर. मेहदीपट्टणमहून आरामघरला जाणारा लांबच लांब उड्डाणपूल इथून जातो. त्याच्या खांबांना नंबर आहेत आणि इथले पत्ते त्या नंबरांवरच चालतात. घर बघताना मी स्वयंपाकघर शेवटी पाहिलं. आधी भरदुपारी झोपायच्या खोलीत दार लावून दहा मिनिटं गप्प उभी राहिले. मालकीणबाईंना वाटलं, पोरगी प्रार्थना करतेय.

बेळगावला आता दोन सुट्ट्या जोडून आल्या तरच जाते. कुंदा मात्र येतो. शेजारच्या काकू हैदराबादला लेकीकडे येतात तेव्हा आई डबा त्यांच्याकडे देते.

आत्या महिनाभर रुसली होती. मग एका दुपारी न सांगता आली. चुकीच्या खांबापाशी उतरली, चार खांब उन्हात चालली, वर येईपर्यंत माझ्या नावानं ओरडत होती. जेवून माझ्या काळ्या पडद्यांच्या खोलीत "जरा पाठ टेकते" म्हणाली. तीन तासांनी दचकून उठली आणि विचारलं, "अगं, सकाळ झाली का?"